एका गुणाचा प्रश्न

गेल्या वर्षी प्रश्नमंजुषेच्या तयारीत माझ्या वाट्याला ‘अमेरिकेचा इतिहास’ हा विषय आला. मी बिदर जिल्ह्यातल्या निर्ण्याची. घरात मराठी, बाजारात कन्नड. अमेरिकेशी आपला काय संबंध, असं मनात म्हणतच मी शंभरेक प्रश्नोत्तरं वहीत उतरवली आणि पाढ्यांसारखी पाठ केली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा? ४ जुलै १७७६. गुलामगिरी कधी संपली? १८६३. झालं!

सरावाच्या दिवशी सरांनी नेमका तोच प्रश्न विचारला. मी झटकन ‘१८६३’ म्हटलं. सर म्हणाले, “चूक. पण का चूक, ते तूच शोधून सांग.”

शोधलं, तेव्हा कळलं की या एका गुणाच्या प्रश्नाच्या पोटात तीन तारखा आहेत. १ जानेवारी १८६३ ला अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी मुक्तीचा जाहीरनामा काढला खरा. पण तो फक्त बंडखोर दक्षिणी राज्यांतल्या गुलामांसाठी होता. केंटकी, मेरीलँडसारखी राज्यं गुलामगिरी पाळूनही संघराज्यासोबत राहिली होती, त्यांना तो लागू नव्हता. आणि जिथं लागू होता, तिथं तरी तो कोण मानणार? यादवी युद्ध चालू होतं. सैन्य जसजसं पुढं सरकेल, तसतशी मुक्ती पुढं सरकणार. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन शहरात जनरल ग्रेंजर यांनी मुक्तीचा हुकूम जाहीर केला तो १९ जून १८६५ ला, म्हणजे तब्बल अडीच वर्षांनी! संपूर्ण देशात गुलामगिरी बंद करणारी १३वी घटनादुरुस्ती मंजूर व्हायला ६ डिसेंबर १८६५ उजाडला. १९ जूनचा तो दिवस ‘जूनटीन्थ’ म्हणून पाळतात. २०२१ पासून त्याला देशपातळीवर सुट्टी आहे.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले, तेव्हा हे सगळं मोठ्या उत्साहानं आजीला सांगितलं. कायदा झाला तरी माणसांना अडीच वर्षं पत्ता नाही, कमाल आहे की नाही? आजी शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “त्यात काय नवल बाई? पंधरा आगस्टला आमच्याकडं तरी कुठं काय होतं? इथं निजामाचं राज्य होतं.”

मी गप्पच झाले. शाळेत दरवर्षी १५ ऑगस्टला झेंड्यासमोर उभी राहिलेली मी. पण १९४७ च्या त्या दिवशी माझं गाव स्वतंत्र भारतात नव्हतं, हा विचार कधी मनाला शिवला नव्हता. बिदर, गुलबर्गा, मराठवाडा हा सगळा भाग हैदराबाद संस्थानात होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत शिरलं आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. मधे तेरा महिने गेले. त्या काळात रझाकारांची दहशत होती. कारवाईनंतरच्या दिवसांत अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांनीही फार सोसलं. ‘१७ सप्टेंबर’ एवढ्या उत्तरात यातलं काहीच मावत नाही. अमेरिकेतही तसंच. घटनादुरुस्तीनंतर कृष्णवर्णीयांना वेगळं ठेवणारे कायदे आले, आणि सार्वजनिक जागांमधला तो भेदभाव बेकायदेशीर ठरवणारा नागरी हक्क कायदा १९६४ साली झाला.

तेव्हापासून कुठलाही प्रश्न पाठ करताना मी त्याला आणखी तीन प्रश्न जोडते. हे कुणासाठी झालं? कुणाला वगळून झालं? आणि शेवटच्या माणसापर्यंत कधी पोहोचलं?

चौथा प्रश्नही आहे, तो आपल्या मंडळासाठी खास: मराठीत याचा पडसाद कुठं उमटला? त्याचं उत्तर ऐकून मला आनंदच झाला. १३वी घटनादुरुस्ती झाल्यावर आठच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. टेक्सासची बातमी पुण्याला परकी वाटली नाही. मग ती निर्ण्याला का वाटावी?

स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच फेरीत बाद झालो, ते सांगून टाकते. पण वही टाकली नाही. प्रश्नमंजुषेतलं उत्तर म्हणजे घराची कडी. ती वाजवून तिथूनच परतायचं नसतं. यंदा सुट्टीत घरी जाल तेव्हा एक करून बघा. पाठ असलेली एखादी तारीख घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सांगा आणि विचारा, “तेव्हा आपल्याकडं काय चाललं होतं?” मग वही उघडून ऐकत बसा.