कुटुंबासोबत वाढणारे घर

शहरात सदनिका घेताना आजच्या कुटुंबाचा हिशेब होतो. दहा वर्षांनंतरच्या कुटुंबाचा होत नाही. पुढे मुलाचे लग्न होते, गावाकडचे आई-वडील राहावयास येतात, किंवा मुले दूरदेशी जाऊन घरात दोघेच उरतात. भिंती मात्र जेथल्या तेथेच असतात. मग घर विकून दुसरीकडे जाणे भाग पडते आणि वर्षानुवर्षांचा शेजार तुटतो.

या प्रश्नाचे एक निराळे उत्तर नवी मुंबईत, बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी पाहावयास मिळते. ‘आर्टिस्ट व्हिलेज’ या नावाने ओळखली जाणारी ही वसाहत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८० च्या दशकात आखली. मुंबईच्या पलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना १९६० च्या दशकात मांडणाऱ्या तिघांपैकी कोरिया एक होते. प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल हे अन्य दोघे.

सुमारे साडेपाच हेक्टर जागेत साडेपाचशे कुटुंबांची सोय येथे करण्यात आली, तीही उंच इमारत न उभारता. सात घरांमध्ये मिळून ८ मीटर लांब-रुंद चौक. अशा तीन गटांच्या, म्हणजे २१ घरांच्या मध्यभागी १२ मीटरचा मोठा चौक. त्याहून मोठ्या समूहासाठी आणखी मोठी मोकळी जागा. आपल्याकडील वाड्याचा चौक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रचना परकी वाटू नये. लहान मूल उंबरठा ओलांडते तेव्हा ते थेट रस्त्यावर येत नाही, सात घरांच्या नजरेखाली येते. घर लहान असले तरी वाळवण, अभ्यास, गप्पा यांसाठी उघड्या आकाशाखालची जागा हाताशी असते, आणि ती बांधण्यास सिमेंट लागत नाही.

रचनेचे खरे मर्म मात्र भूखंडांत आहे. ते साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे ठेवण्यात आले. अल्प उत्पन्नाचे कुटुंब आणि सुस्थितीतील कुटुंब यांच्या घराच्या खर्चात मोठी तफावत असली, तरी वाट्याला येणाऱ्या जमिनीत फारशी नव्हती. प्रत्येक घर स्वतंत्र उभे असल्याने शेजाऱ्याची भिंत न पाडता खोली वाढविता येई. प्रारंभीची घरे साध्या पद्धतीची, उतरत्या छपरांची, स्थानिक गवंड्यांना बांधता व दुरुस्त करता येतील अशी होती.

त्यांपैकी पुष्कळ घरे आज ओळखू येत नाहीत. रहिवाशांनी ती पाडून काँक्रीटची बहुमजली घरे बांधली आहेत. याला योजनेचे अपयश म्हणणे घाईचे ठरेल. घराने वाढावे हाच मूळ हेतू होता आणि चौकांची मांडणी अजूनही ओळखता येते. अडचण वाढीच्या मर्यादेची आहे. ८ मीटरच्या चौकाभोवती तीन-चार मजले चढले की ऊन दुपारपुरतेच उतरते, खालच्या खोल्यांत दिवसा दिवे लावावे लागतात आणि मोकळ्या जागेत वाहने शिरतात. किती मजले चढवावेत, चौक कोणी झाडावा, वाहने कोठे उभी करावीत, हे ठरविण्याचा अधिकार सात घरांच्या गटाला असता, तर कदाचित वाढ निराळ्या रीतीने झाली असती. नकाशात चौक आखला गेला. त्याची जबाबदारी कोणाची, हे आखणे राहून गेले.