दगड निजवायचे असतात

परवा हळदीकुंकवाला आलेली एक मैत्रीण फाटकातच थबकली. 'अहो, पाण्याची एवढी बोंब, आणि तुमच्या दारात हे हिरवं कसं काय?' मी म्हटलं, 'पाणी नाही घातलं, दगड घातले.' ती हसली. तिला वाटलं, मी गंमत करते आहे. पण मैत्रिणींनो, ही गंमत नाही. ही बाग खरंच दगडांवर उभी आहे. ती उभी करताना मी एकदा सपशेल आपटले, ती गोष्टही सांगायलाच हवी.

आमचं घर लातूरचं. व्हरांड्यापुढं पंधरा फूट बाय दहा फूट मोकळी जागा. मोठ्या हौसेनं तिथं हिरवळ लावली होती, कडेनं गुलाब. रोज संध्याकाळी पाइप धरून उभं राहायचं, हे माझं सुख. मग २०१६ चा उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, हे तुम्हाला आठवत असेल. गल्लीत टँकर आला की घागरींची रांग लागायची. समोरच्या वहिनी पहाटे चारला उठून नंबर लावायच्या. अशात हिरवळीवर पाणी मारायचं कसं? तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी गुलाबांना घालून बघितलं. मे संपेपर्यंत सगळं वाळून गेलं. पाऊस आल्यावर हिरवळ पुन्हा लावता आली असती, पण माझं मनच होईना.

त्याच सुमारास एका मासिकात रॉक गार्डनचा फोटो पाहिला. काळे दगड, मधून मधून कोरफड, निवडुंग, रंगीत फुलं. रॉक गार्डन म्हटलं की आपल्याला चंदीगड आठवतं. नेकचंद यांनी टाकाऊ वस्तूंतून गुपचूप उभी केलेली आणि १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झालेली ती बाग अफाटच आहे, पण ती मूर्तींची. घरातल्या रॉक गार्डनमध्ये नायक झाड असतं. दगड त्याला आधार देतो, सावली देतो, मुळाशी गारवा धरून ठेवतो. मूळ कल्पना थंड देशांतली, डोंगरमाथ्यावरची झाडं घरी वाढवता यावीत म्हणून निघालेली. पण आपल्याकडं तरी ती नवी कुठं आहे? साताऱ्याजवळचं कासचं पठार बघा. जांभ्या दगडावर बोटभर माती, आणि तरी पावसाळ्यानंतर फुलांचा गालिचा. (तिथलं रोप मात्र कुणी उपटून आणू नका. ते घरी जगत नाही आणि तिथलंही जातं.)

हे सगळं मी घरी उत्साहानं सांगितलं. ह्यांनी मान डोलावली. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, एकदम म्हणाल्या, 'दारात दगड रचू नको.'

मला वाटलं, काटेरी झाड दारात नको, असलं काही त्यांच्या मनात असेल. पण ते तसं नव्हतं. आत्यांचं सासर किल्लारीच्या जवळचं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव निजलं होतं. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती, वरचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. आत्यांची धाकटी जाऊ आणि तिची दोन लेकरं त्यात गेली. आत्या वाचल्या, कारण त्या रात्री अंगणात बाजेवर झोपल्या होत्या. तेव्हापासून त्या लातुरात आहेत. घरात हा विषय सहसा निघत नाही.

मला हे माहीत होतं. तरी मी म्हटलं, 'आत्या, ही काय भिंत आहे का? चार दगड तर आहेत.' आणि २०१७ च्या मे महिन्यात एका कंत्राटदाराकडून गाडीभर डबर आणून टाकलं. शेतातली काळी माती आणून ढीग केला, त्यावर एकावर एक दगड रचले, फटींत रोपं खोचली. फोटोत दिसतं तसं उंचच उंच. येणारेजाणारे थांबून बघायचे. आत्या मात्र त्या दिवसापासून मागच्या दारानं ये-जा करायला लागल्या. मी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

ऑगस्टमध्ये तीन दिवस झड लागली. काळ्या मातीचा गुण तुम्हाला माहीत आहेच. पाणी प्यायली की फुगते, चिखल होते, पाणी सोडत म्हणून नाही. निवडुंग बुडातून कुजले, कोरफडीची पानं लिबलिबीत झाली. आणि तिसऱ्या रात्री वरचे दोन दगड सुटून व्हरांड्याच्या पायरीवर धाडकन आदळले. आम्ही जागे होऊन बाहेर आलो, तर आत्या भर पावसात रस्त्यावर उभ्या. 'बाहेर या, सगळे बाहेर या' एवढंच म्हणत होत्या. त्यांना आत आणून कोरडं करेपर्यंत पहाट झाली. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

सकाळी चहा देताना मी म्हटलं, 'आजच सगळं उचलून टाकते.' आत्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'दगडाचा काय दोष गं? आमच्या भिंतीपण दगडानं नाही पडल्या. मातीनं धरलं नाही म्हणून पडल्या. दगड उभा करू नये अन् एकावर एक ठेवू नये. निजवून ठेव. निजलेला दगड कुणाला काही करत नाही.'

पुढं मी बागकामाची पुस्तकं चाळली, रोपवाटिकेतल्या जाणत्या मामांना विचारलं. गंमत बघा, सगळ्यांचं म्हणणं तेच होतं. रॉक गार्डनमधला दगड रचायचा नसतो, पुरायचा असतो. प्रत्येक दगडाचा निदान एक तृतीयांश भाग जमिनीत गेला पाहिजे. वर चढून उभं राहिलं तरी तो हलता कामा नये.

आता दुसऱ्या खेपेला काय केलं ते नीट सांगते, म्हणजे तुमची पहिली खेप वाया जाणार नाही.

आधी जागा. दिवसातून पाच-सहा तास ऊन हवं. झाडाखाली नको, पानं साठून कूज लागते. गच्चीच्या पन्हाळ्याचं पाणी जिथं पडतं तिथंही नको. मग बाग कुठून बघितली जाणार ते ठरवा. मी आत्यांच्या खुर्चीत बसून बघितलं आणि जुनी सुती दोरी जमिनीवर टाकून आकार आखला. आठ फूट बाय पाच फूट, कडा वळणदार, उंची सर्वांत जास्त दीड फूट. बाकीच्या जागेत चालायला वाट.

मग निचरा. रॉक गार्डनचा जीव इथं आहे. आपल्याकडं ही झाडं उन्हाळ्यात तहानेनं कमी मरतात, पावसाळ्यात बुडून जास्त मरतात. काळी माती असेल तर फूटभर खोल काढूनच टाका. तळाला सहा इंच विटांचे तुकडे किंवा जाड खडी, त्यावर चार इंच मुरूम. पाणी बाहेर जायला एका बाजूला थोडा उतार. त्यावर घालायचं मिश्रण असं: दोन घमेली बारीक मुरूम किंवा जाड वाळू, एक घमेलं माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत. निवडुंगांच्या जागी खत अर्धंच. मूठभर ओलं मिश्रण हातात दाबून बघा. मूठ उघडल्यावर ते सुटं झालं पाहिजे. लाडू वळला तर अजून मुरूम घाला.

मग दगड. एकाच जातीचे घ्या. काळा पाषाण तर काळाच, जांभा तर जांभा. चार रंगांचे गोळा केले की प्रदर्शन वाटतं. नदीतले गोटे उचलून आणू नका, घरांच्या पायाचे उरलेले दगड सहज मिळतात. मोठा दगड आधी बसवा, पण अगदी मध्यभागी नको, थोडा बाजूला. मग त्याच्या जवळ मधले, मग लहान. तीन, पाच, सात असे विषम आकडे डोळ्याला बरे दिसतात. रुंद बाजू खाली, आणि दगड किंचित मागं, मातीकडं कललेला. म्हणजे पावसाचं पाणी पुढं ओघळून माती धुऊन न नेता मुळांकडं जातं. जड दगड बायकांनी एकटीनं हलवायचा हट्ट करू नये. आम्ही गवंडीमामा आणि त्यांचा जोडीदार बोलावले. पहारीनं दोघांनी अर्ध्या दिवसात काम केलं.

अजून एक. फटी मुरमानं ठासून भरा. आपल्या भागात विंचू, साप हे काही पुस्तकातले प्राणी नाहीत. पोकळी राहिली नाही तर त्यांना घर मिळत नाही. तरीही तण काढताना हातमोजे घाला आणि आधी काठीनं चाचपून बघा.

हे सगळं मी २०१८ च्या उन्हाळ्यात केलं आणि रोपं लावलीच नाहीत! मामांनी बजावलं होतं, 'एक पावसाळा नुसते दगड राहू द्या.' पाणी कुठं साठतं, कुठली माती खचते, ते पावसानं दाखवलं. तिथं मुरूम वाढवला. आत्या रोज काठीच्या टोकानं दगड दाबून बघायच्या. एकही हलला नाही. ऑक्टोबरात रोपं लावली.

रोपं कुठली? महागडी मुळीच लागत नाहीत. कोरफड आणि पानफुटी कुणाकडूनही मागून मिळते. मागच्या बाजूला उंचीसाठी जेड आणि स्नेक प्लांट. मध्ये अडेनियम, त्याचं फुगीर बूड जमिनीच्या थोडं वर ठेवायचं. बारा महिने फुलणारा युफोर्बिया मिली. पुढच्या कडेला चिनी गुलाब, ज्याला आपण ऑफिस टाइम म्हणतो, तो दगडावरून सुंदर ओघळतो. दगडाच्या सावलीच्या बाजूला पानओवा. आणि मातीत दडवलेले रेन लिलीचे कंद. फड्या निवडुंग नको, तो आवरत नाही. घायपात लावलीत तर वाटेपासून लांब, तिचं टोक डोळ्यात जाण्याइतकं धारदार असतं. अडेनियम आणि युफोर्बियाचा चीक विषारी असतो. घरात लहान मूल असेल तर ही झाडं मागं लावा आणि छाटल्यावर हात धुवा.

छाट आणली की लगेच मातीत खोचू नका. तीन-चार दिवस सावलीत ठेवून जखम वाळू द्या. लावल्यावरही चार-पाच दिवस पाणी नको. रोपांमध्ये जागा सोडा. सुरुवातीला बाग रिकामी वाटेल, वाटू द्या. शेवटी सगळीकडं इंचभर बारीक खडी पसरा. बूड कोरडं राहतं, तण कमी येतं, ओल टिकते.

पाण्याचा हिशोब विचाराल, तर भर उन्हाळ्यात मी आठ-दहा दिवसांतून एकदा दोन बादल्या घालते. आधी बोटाची दोन पेरं मातीत घालून बघायची, ओल लागली तर पाणी नाही. पावसाळ्यात एक थेंबही नाही. हिरवळीच्या दिवसांत एका संध्याकाळी मी किती पाणी ओतत होते, ते आठवलं की अजून कानकोंडं होतं.

ह्या सगळ्यात पुढच्या कडेला एक सपाट, रुंद दगड आत्यांनी स्वतः निवडून ठेवून घेतला होता. कशाला, ते सांगितलं नव्हतं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि चार-पाच दिवसांनी सकाळी बघते, तर खडीतून रेन लिलीच्या गुलाबी फुलांची रांग वर आलेली. आत्या पुढच्या दारानं बाहेर येऊन त्या सपाट दगडावर बसल्या होत्या. मांडीवर ताटली, तीत पानओव्याची पानं.

'भजी कर,' म्हणाल्या. 'बेसन आहे ना घरात?'

आता त्या ऐंशीच्या पुढं आहेत. गुडघे कुरकुरतात, पण संध्याकाळी त्यांची बसायची जागा तीच. तुम्हाला बाग करायची असेल तर ह्या उन्हाळ्यात दगड बसवा, पाऊस त्यावरून जाऊ द्या आणि रोपं पावसाळा सरल्यावर लावा. आणि हो, आखणी करायच्या आधी घरातल्या माणसांना एकदा विचारा. मी विचारलं नव्हतं.