सोयाबीनच्या दाण्याला जिवाणूंचा 'कोट' कशासाठी चढवतात?

खरीप जवळ आला की महाराष्ट्रात गावोगावी बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिकं होतात. ताडपत्रीवर बियाणं पसरायचं, त्यावर गुळाचं थंड पाणी शिंपडायचं, काळसर पावडर टाकायची आणि हलक्या हाताने चोळायचं. ही पावडर म्हणजे जिवाणू खत. सरकारी निकषानुसार रायझोबियमच्या अशा पावडरीत दर ग्रॅममागे किमान 5 कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात.

पण ते पेरणीपर्यंत जिवंत राहतात का? खरा प्रश्न इथेच आहे.

हे जिवाणू करतात काय?

हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. रायझोबियम गटातले जिवाणू मुळांवर गाठी तयार करतात आणि हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात. बदल्यात रोप त्यांना साखर पुरवतं. गाठ कापल्यावर आतून गुलाबी-लालसर दिसली, तर समजायचं की काम सुरू आहे. त्यामुळे नत्रयुक्त खताची गरज कमी होते.

मात्र प्रत्येक पिकाचा जोडीदार वेगळा. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम लागतो. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही.

मग अडतं कुठे?

जिवाणू ऊन, उष्णता आणि कोरडेपणा फार काळ सोसत नाहीत. पेरणी झाली आणि पावसाने दडी मारली, तर कोरड्या मातीत दाण्यावरचे जिवाणू मरू लागतात. रासायनिक बुरशीनाशकाचाही त्यांना त्रास होतो.

म्हणून कृषी विभाग 'एफआयआर' क्रम सांगतो. पोलिसांचा नव्हे! आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम, ही त्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं.

नवं संशोधन काय सांगतं?

गूळ जिवाणूंना दाण्यावर चिकटवतो, पण कोरडेपणापासून फारसं वाचवत नाही. दुसरीकडे, कंपन्यांच्या रंगीत बियाण्यांवरच्या लेपात अनेकदा कृत्रिम पॉलिमर असतं. त्याचे सूक्ष्म कण मातीत राहू शकतात. युरोपीय संघाने 2023 मध्ये उत्पादनांत मुद्दाम घातल्या जाणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले. बियाण्यांचे लेपही त्यात येतात, बदलासाठी उद्योगाला काही वर्षांची मुदत आहे.

त्यामुळे मातीत विरघळून जाणाऱ्या लेपांचा शोध सुरू आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये बेनेडेट्टो मारेली यांच्या गटाने 2019 मध्ये रेशमातलं प्रथिन आणि ट्रेहॅलोज ही साखर वापरून असा लेप मांडला. दुष्काळात तग धरणारे काही सूक्ष्मजीव हीच साखर स्वतःच्या बचावासाठी वापरतात. 2021 मध्ये मोरोक्कोतल्या संशोधकांसोबत त्यांनी दोन थरांचा लेप केला. आतल्या थरात जिवाणू, तर बाहेरचा थर ओलावा धरून ठेवणारा. घेवड्याच्या जातीच्या बियाण्यावर कमी पाण्यात त्याच्या चाचण्या झाल्या.

महाराष्ट्रासाठी याचा अर्थ काय?

राज्यात सोयाबीनचं क्षेत्र 40 लाख हेक्टरहून जास्त आहे, आणि त्यातलं बरंचसं पावसाच्या भरवशावर. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली तरी जिवाणू टिकवणारा लेप इथे कामाचा ठरेल. अट एकच, तो शेतकऱ्याला परवडला पाहिजे. गुळाशी स्पर्धा आहे!

तोवर जुने नियमच उपयोगाचे. पाकिटावरचं पिकाचं नाव आणि अंतिम तारीख तपासा. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम पावडर वापरा. सोयाबीनची साल नाजूक असते, म्हणून पाणी बेताचंच घ्या. बियाणं उन्हात नाही, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. आणि 75 ते 100 मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. दुबार पेरणीची वेळ आली, तर बियाण्यासोबत हे जिवाणूही वाया जातात.