एक लिटरचा डबा

पहाटे ५
हेडफोन लावून एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवरचा १८.०१ उघडतो : एका चलाचं कॅल्क्युलस. फुकट आहे, प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे घाईही नाही. डेव्हिड जेरिसन फळ्यावर खडूने सोडवत जातात, मी थांबवत थांबवत वहीत उतरवतो. सध्या कमाल-किमानाचा भाग चालू आहे.

सकाळी ६
व्हिडिओ बंद. गणित स्वतःच घालून घेतो, कारण आमच्या कारखान्यात पत्र्याचे डबेच बनतात. एक लिटरच्या डब्याला कमीत कमी पत्रा कधी लागेल? जोडाची पट्टी तूर्त सोडली. त्रिज्या वाढली की वरच्या-खालच्या चकत्यांचा पत्रा तिच्या वर्गाने वाढतो, अंगाचा व्यस्त प्रमाणात घटतो. बेरजेचं डेरिव्हेटिव्ह शून्य धरलं की त्रिज्या येते ५.४२ सेंटिमीटर, उंची व्यासाएवढी.

सकाळी ८
भोसरी. शिफ्ट सुरू, व्हर्निअर आणि तपासणीचे तक्ते.

दुपारी १२.३०
जेवताना प्रेसवरच्या मामांना वही दाखवतो. भाकरी मोडता मोडता ते विचारतात, "चकती कापल्यावर कोपरे उरतात, ते कुठं धरलेस?"
कोपरे भंगारात जातात, पण पैसे अख्ख्या पत्र्याचे मोजलेले असतात. मग चकतीऐवजी तिच्याभोवतीचा चौरस धरायला हवा. पुन्हा मांडतो : त्रिज्येचा घन १२५. म्हणजे त्रिज्या बरोब्बर ५, उंची १२.७. डबा सडपातळ झाला.

दुपारी ३
मामा हाक मारतात. प्रेसखालच्या पत्र्यावर चकत्यांची दुसरी ओळ पहिलीच्या खाचांत सरकवलेली आहे. "चौकोनात कोण कापतंय रे? असं बसवलं की भंगार कमी."
म्हणजे प्रत्येक चकतीच्या वाट्याला चौरस नाही, षटकोन येतो.

संध्याकाळी ७
षटकोन धरून त्रिज्या ५.२५. डेरिव्हेटिव्ह तिन्ही वेळा दोन ओळींत सुटलं. कशाचं घ्यायचं हे कळायला प्रेसपर्यंत जावं लागलं.

रात्री ९.३०
तिन्ही त्रिज्या शेवटच्या मांडणीत घालून पाहतो. ५ ला पत्रा ५७३.२ चौरस सेंटिमीटर, ५.२५ ला ५७१.९, ५.४२ ला ५७२.५. दीड चौरस सेंटिमीटरचाही फरक नाही! किमान बिंदूजवळ डेरिव्हेटिव्ह शून्याच्या आसपास असतं, आलेख तिथे जवळजवळ सपाट असतो. त्रिज्या थोडी इकडेतिकडे झाली तरी पत्रा फारसा वाढत नाही.
चकत्या कापणाऱ्या आमच्या आत्ताच्या डायची त्रिज्या याच टापूत बसते. नव्या डायचा खर्च समीकरणात घातला, तर स्थिर संख्या म्हणून त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य होऊन तो गळून पडतो. मालकांच्या खतावणीतून तो असा गळत नाही. तेव्हा उद्या मामांना सांगायचं, आहे तोच डाय चालू द्या.