व्हॅन थांबवणारी नळी

मालवण-देवगडच्या रस्त्यांवर जुन्या मारुती ओम्नी अजून दिसतात. 2019 मध्ये त्यांचं उत्पादन थांबलं, पण मासळी, आंब्याच्या पेट्या नि शाळेची पोरं वाहणं चालूच आहे. अशी भरलेली व्हॅन उतारावर थांबते कशाच्या जोरावर? ब्रेकच्या नळीतल्या तेलाच्या! बहुतेक मोटारींत ही पोलादी नळी बाहेरून फक्त 4.75 मिलिमीटर असते, पेन्सिलीहूनही बारीक. तिची भिंत जेमतेम 0.7 मिलिमीटरची.

टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला दोन-सव्वादोन किलो दाब असतो. पेडल करकचून दाबलं की या नळीत तोच सत्तर किलोच्या वर जातो. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगितलं होतं. त्याच नियमावर तुमचा पाय एकाच वेळी चारही चाकांना आवळतो.

या नळीचा वैरी गंज. खाऱ्या हवेत तो वाढतोच. मासळीच्या गाडीत तर बर्फाचं खारट पाणी खाली झिरपत असतं. नळी धरून ठेवणाऱ्या क्लिपखाली चिखल अडकून ओल धरतो. नळी वरून धड दिसते, क्लिप सरकवली की पापुद्रे सुटतात. आणि ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेत असल्यामुळे आतूनही धोका असतोच.

नळी बदलण्याच्या कामात मला सर्वांत थक्क करतं ते नळीचं तोंड. नळी सरळ कापायची, कड साफ करायची, नट आधीच ओवून ठेवायचा. मग फ्लेअरिंगच्या हत्याराने तोंड आत दुमडून त्याचं दुपदरी नरसाळं करायचं. नट आवळला की ते बैठकीवर घट्ट दबतं. रबर नाही, वॉशर नाही, डिंक नाही; धातूला धातू भिडतो आणि एवढ्या दाबाला थेंबही बाहेर येत नाही!

नवी नळी तांबं-निकेलची मिळाली तर उत्तम. 90 टक्के तांबं, 10 टक्के निकेल: जहाजांत समुद्राचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांतला हाच मिश्रधातू. तो हाताने वळतो आणि मिठाला दाद देत नाही. नुसत्या तांब्याची नळी मात्र नको, ती हादऱ्यांनी तडकते.

शेवटी नळीत शिरलेली हवा काढायची. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा गाडीखाली हवा सोडायची निप्पल सैल करतो, आणि तिला लावलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे पळताना दिसतात. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणून उरलेला एक बुडबुडाही पायाचा जोर खातो. बुडबुडे संपेपर्यंत ही दाबादाबी चालते.

गंजलेल्या नळीला मध्येच तुकडा जोडून भागवू नका, जोडापासून जोडापर्यंत अख्खी बदला. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी वर चढली की मेकॅनिकला क्लिपा सरकवून नळी दाखवायला सांगाच.