सव्वा तास आणि सत्तावीस वर्षं

१९५१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या भरली ३६ कोटी. पुढच्याच वर्षी, २३ जुलै १९५२ रोजी, त्यातल्या एका माणसाने हेलसिंकीत ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं. सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेल्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ३६ कोटींत एक! हा आकडा मोठा आहेच, पण खाशाबांची खरी उंची कळते ती पदकाच्या पुढचे आणि मागचे आकडे मांडल्यावर.

पुढचे आधी पाहू. भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळालं ते लिअँडर पेसमुळे, ३ ऑगस्ट १९९६ रोजी अटलांटात. मध्ये ४४ वर्षं गेली. दिवस मोजले तर १६,०८२. मेलबर्नपासून बार्सिलोनापर्यंत ओळीने १० ऑलिंपिक झाली आणि एकातही वैयक्तिक पदक नाही. १९६० मध्ये मिल्खा सिंग सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागाने चौथे आले, १९८४ मध्ये पी. टी. उषा शंभराव्या भागाने. कुस्तीतलं दुसरं पदक यायला तर ५६ वर्षं लागली. ते २००८ मध्ये बीजिंगला सुशील कुमारने आणलं. आणि महाराष्ट्राच्या मातीतला दुसरा वैयक्तिक पदकविजेता? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे, पॅरिस, २०२४. म्हणजे ७२ वर्षांनी.

या काळात आपल्याकडे पैलवानांचा दुष्काळ पडला होता म्हणावं, तर तसं मुळीच नाही. सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग काढून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, तोच पुढे सांगली. या सगळ्या पट्ट्यात जत्रा म्हटली की कुस्तीचं मैदान ठरलेलं. सांगली जिल्ह्यातल्या कवठे पिरानच्या मारुती मानेंनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं. खुद्द हेलसिंकीत खाशाबांबरोबर गेलेले केशव माणगावे त्यांच्या वजनगटात चौथे आले. अंगात रग होती, डाव होते. पण तालमीत लाल माती आणि ऑलिंपिकमध्ये मॅट. मातीत पाठ टेकवली की कुस्ती निकाली. मॅटवर घड्याळ, गुण आणि वेगळे नियम. ही सवय परदेशी स्पर्धांतूनच होते, आणि परदेशी जायला पैसा लागतो.

आता मागचे आकडे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा ५२ किलो गटात उतरले आणि सहावे आले. चार वर्षांनी, वजनगट ५७ किलो. पण हेलसिंकीच्या खर्चाचा मेळ बसेना. सरकारकडून आणि लोकवर्गणीतून आलेली रक्कम अपुरी पडली, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर ७,००० रुपयांना गहाण टाकलं. हे ७,००० उभे राहिले नसते, तर वरची सगळी गणितं बदलली असती. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक पदकांचं पान १९४७ पासून १९९६ पर्यंत, तब्बल ४९ वर्षं, कोरं राहिलं असतं.

मॅटवरचा वेळ किती? लढत १५ मिनिटांची. खाशाबांच्या पाच लढती धरल्या, तरी फार तर सव्वा तास. त्यात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी लढत शेवटपर्यंत चालली. इशी पुढे सुवर्णविजेता ठरला. ती लढत संपताच खाशाबांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्हसमोर उभं राहायला सांगण्यात आलं. नियमाने दोन लढतींत ३० मिनिटांची विश्रांती हवी होती, पण ते ठणकावून सांगायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असं सांगतात. थकलेले खाशाबा ती लढत हरले. ढाक हा डाव लावावा तर खाशाबांनीच, अशी ज्यांची ख्याती, त्यांना अर्ध्या तासाचा दमही मिळाला नाही.

परतल्यावर गावाने मात्र हात आखडला नाही. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १५१ गाड्या म्हणजे ३०२ बैल. बैलांसकट एका गाडीला सात मीटर जागा धरली, तर एकामागोमाग एक किलोमीटरभर रांग होते. ढोल, लेझीम, फटाके. एरवी १५ मिनिटांत संपणाऱ्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले, अशी घरच्यांची आठवण आहे. त्यानंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली, पैसे उभे केले आणि प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. ऑलिंपिकवीराने पदकाच्या बळावर पहिलं काम केलं ते कर्ज फेडण्याचं.

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक, म्हणजे फौजदार झाले. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, खेळाडू घडवले, २७ वर्षं नोकरी केली. साधारण ९,८६० दिवस. निवृत्त झाले ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून. नंतर पेन्शनसाठी झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात ते गेले, तेव्हा वय ५८. अर्जुन पुरस्कार त्यानंतर दीड दशक उलटल्यावर मिळाला.

आता हे पाहा. शहरी आयुक्तालयातला सहायक आयुक्त आणि जिल्ह्यातला उपअधीक्षक हा एकाच दर्जाचा हुद्दा. नरसिंग यादव, विजय चौधरी, राहुल आवारे या मल्लांना राज्य सरकारने थेट उपअधीक्षक म्हणूनच घेतलं. खाशाबांनी ज्या पायरीवर नोकरी संपवली, त्या पायरीवर आजचा विजेता नोकरी सुरू करतो. हा बदल मोठा आहे आणि त्याचं मनापासून स्वागत केलं पाहिजे. खाशाबांची जयंती, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन आहे, हेही योग्यच.

पण हा सगळा मान पदकानंतरचा. स्वप्नीलने पॅरिसला कांस्य जिंकलं त्याच दिवशी राज्य सरकारने १ कोटी रुपये जाहीर केले, रेल्वेने लगोलग बढती दिली. त्याच्या सुरुवातीच्या सरावासाठी मात्र वडिलांनी कर्ज काढलं होतं. १९५२ मध्ये प्राचार्यांचं घर गहाण, ७२ वर्षांनी आलेल्या पदकामागे बापाच्या डोक्यावरचं कर्ज. जिंकलेल्याला डोक्यावर घ्यायला आपण शिकलो. जिंकायच्या आधीचा खर्च अजून कुणाच्या तरी घरातूनच निघतो. सातारा-सांगलीच्या तालमींत आज घाम गाळणाऱ्या पोरांना खरी गरज आहे ती गावात मॅटची, वस्तादाच्या पगाराची, खुराकाची आणि परदेशी स्पर्धेच्या तिकिटाची. पदक यायच्या दहा वर्षं आधी. हा खर्च सरकारने उचलला, तर पुढचा आकडा ७२ चा असणार नाही.