कमावता माणूस गेला. हिशेब कोण दाखवणार?

माल पोचवून रात्री घरी परतणारा कारागीर ट्रकच्या धडकेत जातो. दफन होते, पुरसा देणारे येऊन जातात, आणि मग भरपाईचा विषय निघतो. वकिलाचा पहिलाच प्रश्न असतो, "मरहूम महिन्याला किती कमवत होते? कागद काय आहे?" आमच्या बऱ्याच घरांत याला उत्तर नसते. धंदा तोंडी, उधारी तोंडी, मजुरी रोखीची.

या उणिवेची किंमत किती, ते पाहू. समजा, मालेगावच्या ३४ वर्षांच्या लूमवाल्याची कमाई महिना २० हजार रुपये. घरात बायको, तीन मुले आणि आई. चूक ट्रकवाल्याची ठरली. स्वतंत्र धंदा करणारा चाळिशीच्या आत गेला तर पुढील वाढीपोटी ४० टक्के धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या प्रणय सेठी निकालात सांगितले. म्हणजे २८ हजार. पाचजण अवलंबून असल्याने मयताच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा. राहिले २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. २००९ च्या सरला वर्मा निकालातील तक्त्याप्रमाणे या वयाचा गुणक १६. रक्कम झाली ४० लाख ३२ हजार. दफनखर्च वगैरे वेगळे. कागदाअभावी कमाई १० हजारच मानली, तर हातात येतात २० लाख १६ हजार. अर्धा हक्क वहीअभावी गेला!

दुसरी गोष्ट मुदतीची. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट आली. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवस. तोवर घर थांबले तर दोन महिनेही उरत नाहीत. म्हणून दीर, भाऊ, वडील यांनी पहिल्या पंधरवड्यातच एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि ट्रकच्या विम्याचा तपशील गोळा करावा. वकीलपत्रावर सही घरी बसूनही होते. अपघात परगावी झाला तरी अर्ज आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणाकडे करता येतो. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर २०२२ च्या योजनेखाली मृत्यूबद्दल २ लाख मिळतात. तो अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे.

इस्पितळाच्या दारातच टक्क्यावर काम घेणारे दलाल भेटतात. त्यांच्यापासून सावध राहावे. दाव्याच्या रकमेत हिस्सा ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. स्त्रिया व मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. लोकअदालतीत तडजोड झाली की अपील नसते, म्हणून वरचा हिशेब आधी मांडून मगच सही करावी.

पण हे सारे नंतरचे. आमचे सांगणे आज दुकानात बसलेल्या बांधवांना आहे. रोजची वही लिहा, पक्की बिले फाडा, पैसे बँकेतून फिरवा, विवरणपत्र वेळेवर भरा. मृत्यूनंतर भरलेल्या विवरणपत्रावर विमा कंपनी शंका घेते. आणि कर चुकवण्यासाठी कमी दाखवलेली कमाईच उद्या मुलांच्या भरपाईचा आकडा ठरते.

वही कुठे ठेवली आहे, हे घरात सांगून ठेवा.